मनकर्णाबाईंचा स्टोव्ह

मित्रांनो, मी स्टोव्ह आहे. पितळेचा, पंप मारून पेटवायचा, रॉकेलवर चालणारा. माझ्या तीन पायांतला एक जरा वाकला आहे. वय झाले, पण अजून पेटतो.

नागपूरच्या एका कारखान्यात माझी टाकी तयार झाली. तिथे मला हवा भरून पाण्यात बुडवले आणि कुठून बुडबुडे येतात का ते पाहिले. आले नाहीत, म्हणून मी पास झालो. १९८० साली मी सौंसरच्या एका भांड्यांच्या दुकानात आलो. तिथून मनकर्णाबाईंनी मला उचलले. त्यांनी माझी चकाकी पाहिली नाही. चार वेळा पंप मारला, कान लावून हवा जाते का ते ऐकले आणि म्हणाल्या, "हाच द्या जी."

मला वाटले, आता स्वयंपाकघरात ओट्यावर बसायचे. पण माझ्या नशिबी मेटाडोर गाडी होती. मनकर्णाबाईंचे यजमान भगवंतराव पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याचे काम बघत. व्यापारी झाडावरचा माल घ्यायचा आणि संत्री तोडून, निवडून, पेट्यांत भरून होईपर्यंत भगवंतरावांनी त्या बागेत राहायचे. कुठे आठ दिवस, कुठे पंधरा. त्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या मेटाडोरमधली बाके काढून फळ्यांचा पलंग ठोकला होता. पलंगाखाली पिठाचा डबा आणि मागच्या दारापाशी वारा अडवणारा माझा पत्र्याचा खोका. हंगाम सुरू झाला की पांढुर्ण्याच्या घराला कुलूप लागायचे आणि ही गाडीच घर व्हायची.

चालत्या गाडीत स्टोव्हचे फार हाल होतात. रॉकेल फवारणाऱ्या निपलच्या बारीक भोकात धूळ शिरते, पेच ढिले होतात, पंपाचे चामडे वाळते. म्हणून मुक्काम पडला की आधी माझी दुरुस्ती, मग स्वयंपाक. मनकर्णाबाई पोत्यावर बसून मला उघडायच्या. गाणे नाही, गप्पा नाही. अर्ध्या तासात माझी ज्योत निळी व्हायची.

हे बघून बागेतल्या बायाही आपापले बिघडलेले स्टोव्ह आणू लागल्या. लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव, जिथे जाऊ तिथे. आता गंमत बघा. गाडी भगवंतरावांची, इंजिन तेच उघडायचे, हात त्यांचे काळे. म्हणून गावातले पुरुष म्हणायचे, "भगवंतरावांनी दुरुस्त केला म्हणजे काम पक्कं." भगवंतराव मिशीवरून हात फिरवायचे. नाही म्हणायचे नाहीत.

मनकर्णाबाई फक्त हसायच्या. एकदा म्हणाल्या, "उद्या कोणी तुमच्यासमोर स्टोव्ह ठेवला तं काय करान?"

"तू आहेस नं," भगवंतराव म्हणाले.

१९८६ च्या पावसाळ्यात मनकर्णाबाईंना कावीळ झाली. तीन आठवड्यांत त्या गेल्या. मी गाडीत पोत्याखाली होतो. चार महिने मला कोणी हात लावला नाही.

त्यांची मुलगी स्मिता सौंसरला दिलेली. ती वडिलांना आपल्या घरी घेऊन गेली. जावई मास्तर, माणूस चांगला. पण लेकीच्या घरी रोज आयते ताट पुढे येते, हे भगवंतरावांना जड जात होते. नोव्हेंबर लागला आणि त्यांनी गाडीची किल्ली काढली.

"बाबा, कुठं चालले?"

"रामाकोन्याले. तोड सुरू होऊन राहिली."

"अन् खासान काय? चहा तरी येते का तुमले करता?"

"त्यात काय येत नाही?"

स्मिता आईवर गेली होती. ती सरळ म्हणाली, "ठीक आहे. येत्या रविवारी मी बागेत येतो. तुमच्या गाडीत, तुमच्या स्टोव्हवर मले चहा पाजा. जमलं तं रहा. नाही जमलं तं गाडी विकायची अन् माझ्या घरी रहायचं. गाडीले गिऱ्हाईक आहे, यांनी पाहून ठेवलं."

भगवंतराव हो म्हणाले. त्यांना वाटले, ज्याने इंजिन उघडले त्याला स्टोव्ह तो काय!

मंगळवारी संध्याकाळी रामाकोन्याच्या बागेत त्यांनी मला खोक्यात बसवले, रॉकेलात भिजवलेला काकडा पेटवला, पंप मारला. दांडा सुळकन आत गेला. हवा भरलीच नाही. मी फुर्र केले आणि विझलो. पंपातले चामडे चार महिन्यांत वाळले होते. ते त्यांना कळले नाही.

बुधवारी त्यांनी मला पूर्ण उघडले आणि ड्रायव्हरच्या सवयीने माझा एकूण एक भाग पेट्रोलने स्वच्छ धुतला. पंपातला चामड्याचा वायसरसुद्धा. मित्रांनो, इंजिनाला ते चालते. पण वायसरच्या चामड्यात जे थोडे तेल शिल्लक होते तेही पेट्रोलने नेले. ते आक्रसून बोरासारखे झाले. मी चकाचक झालो आणि पार निकामी.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मजुरांच्या चुलीवरचा चहा त्यांना मिळत होता, भाकरही मिळत होती. पण ती चूल त्यांची नव्हती, आणि गाडीत चूल पेटवता येत नाही. सौंसरला जाऊन मला दुरुस्तीला टाकावे, तर लोक काय म्हणतील? भगवंतराव, आणि स्टोव्ह दुसऱ्याकडे? ते मुरमुरे खात पलंगावर बसून राहायचे आणि माझ्या सुट्या भागांकडे बघायचे.

शनिवारी दुपारी बागवाल्यांच्या घरची केसरबाई पिठले-भाकर घेऊन आली. पोत्यावर मी उघडा पडलेला.

"हे काय भाऊजी, कोणाचा स्टोव्ह?"

"माझाच."

"बिघडला? अन् तुम्ही तं मोठे मेकॅनिक!"

भगवंतराव सुटे भाग गोळा करू लागले. मग म्हणाले, "केसरबाई, मी कधीच एकही स्टोव्ह दुरुस्त केला नाही. ते सगळं ती करत होती."

केसरबाई डोक्यावरचा पदर सावरत हसली. "ते काय आम्हाले माहीत नाही? फक्त पुरुषांले माहीत नव्हतं."

भगवंतरावही हसले असावेत. नीट कळले नाही, कारण त्यांनी तोंड फिरवले होते.

केसरबाईने वायसर उचलून दाबून पाहिला. "कशानं धुतला जी हा?"

"पेट्रोलनं."

"अरे देवा! चामडं आहे ते. उद्या वहाण धुसान पेट्रोलनं! याले तेल पाजा लागते. फल्लीचं तेल आहे का?"

"ते तुमले कोणी सांगतलं?"

"मनकर्णाबाईनं. दोन वर्साआधी मी याच पोत्यावर बसली होती. तुम्ही तिकडं पेट्या मोजून राहिले होते."

तिने वाटीत शेंगदाण्याचे तेल घेऊन वायसर बुडवायला लावला. "सकाळपर्यंत राहू द्या. मग बोटानं याच्या कडा उघडा, फुलासारख्या. तिरपा करून आत घाला, म्हणजे कड दुमडत नाही."

"तुम्हीच लावून द्या नं सकाळी."

"मी नाही लावत. मी लावला तं पुढच्या बागेत कोण लावीन?"

रविवारी सकाळी भगवंतरावांनी वायसर बसवायला घेतला. पहिल्यांदा कड दुमडली. दुसऱ्यांदाही दुमडली. तिसऱ्यांदा ते थांबले, बोटे पुसली आणि सावकाश तिरपा करून घातला. पंप मारला. या वेळी दांडा जड गेला. माझ्या टाकीत हवा भरू लागली. मला किती बरे वाटले ते सांगता येत नाही.

दहा वाजता स्मिता बसने आली. हातात डबा होता, म्हणजे बाबांना जमणार नाही असे तिने धरूनच ठेवले होते. भगवंतरावांनी तिला पलंगावर बसवले. काकडा पेटवला. आधी माझी ज्योत पिवळी आली, धूर झाला. त्यांनी निपलला पिन मारली. ज्योत निळी झाली आणि मी आवाज करू लागलो.

चहात साखर फार पडली होती. स्मिताने घोट घेतला. मग डोळे पुसले.

"धूर लागला का?" भगवंतरावांनी विचारले.

"नाही बाबा." तिने कप रिकामा केला. "त्या गिऱ्हाइकाले काय सांगू?"

"सांग, गाडी कामावर आहे."

तिने डबा त्यांच्या हातात दिला. "संध्याकाळी खाऊन घ्या. उद्यापासून तुमचं तुम्ही पहा."

याला आता तीन वर्षे झाली. प्रत्येक मुक्कामी मला उघडायचे काम भगवंतरावच करतात. हात अजून हळूच चालतो. मध्येच ते थांबतात, काहीतरी विचारायचे असल्यासारखे मागे बघतात, आणि मग आपले आपणच लावतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, जी रोज चालते आणि का चालते ते तुम्हाला ठाऊक नसते. कोणीतरी तिला वेळेवर तेल देत असते, पुसत असते. वस्तूची काळजी घ्याच. पण त्याआधी त्या माणसाजवळ जाऊन बसा. घाई करू नका. काय करता, कसे करता, ते विचारा. माझ्यासारख्या स्टोव्हला नवा वायसर मिळतो. विचारायचे राहून गेले तर ते मात्र राहूनच जाते.