बोलू नये असं बेट

धक्क्यावरच्या ट्रेमध्ये थोरलीने बुटांचे तळवे घासले आणि ब्रश धाकटीकडे सरकवला. हातात दिला नाही, सरकवला. धाकटीने तो उचलला, आपले बूट घासले आणि मुकाट्याने जागेवर ठेवला.

"बाहेरचं एक बीसुद्धा आत यायला नको," बेटावरची रक्षकबाई म्हणाली. "आणि इथून पुढे कोणी बोलायचं नाही. पक्षी अंड्यांवर बसलेत. माणसाचा आवाज आला की उठतात, आणि अंडी उन्हात शिजतात."

"अजिबात नाही बोलायचं?" थोरलीने विचारलं.

"अजिबात. परत होडीत बसलात की काय गप्पा मारायच्या त्या मारा."

धाकटीच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

दोघी सख्ख्या बहिणींचा अबोला आईच्या शेवटच्या आजारपणापासूनचा. कोण किती वेळा आलं आणि कोण नुसतं फोनवर विचारत राहिलं, यावरून शब्दाला शब्द वाढला आणि मग शब्दच संपले. आता पुढच्या महिन्यात थोरलीच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका धाकटीकडे पोचली होती. पण पत्रिका म्हणजे बोलावणं नव्हे, हे दोघींनाही कळत होतं.

ही सहल मुलीनेच ठरवली. "मावशीला मी तयार करते. तू फक्त तोंड उघड," असं तिने आईला बजावलं होतं. रागावून उठून जाता येणार नाही अशी जागा म्हणून तिने बेट निवडलं. बेटाचे नियम वाचायचे तेवढे राहिले.

पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोर लावले होते. पुढे रक्षकबाई, मागे धाकटी, तिच्या मागे थोरली. 'लग्नाला ये' एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडात धरून थोरली बहिणीच्या पाठीमागे चालत राहिली. धाकटी चढावर गुडघ्याला हात लावत होती, अगदी आईसारखी. हिला कधीपासून गुडघा दुखायला लागला, थोरलीला माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती.

वर पांढरे पक्षी घिरट्या घालत कानठळ्या बसतील इतके ओरडत होते. गप्प बसायचा नियम त्यांना नव्हता.

किनाऱ्याशी दोर संपले. पुढे नुसते गोटे आणि शिंपले. रक्षकबाईने लांबून, माझ्याच पावलांवर पाऊल ठेवा, अशी खूण केली. धाकटी समुद्राकडे पाहत होती. तिचा पाय उचलला गेला तो थोडा बाजूला.

थोरलीला आधी दिसलं ते एवढंच की दोन गोटे फारच गुळगुळीत आहेत. हाक घशापर्यंत आली. ती गिळून तिने बहिणीच्या दंडाला कचकचून चिमटा काढला. लहानपणी पाहुण्यांसमोर धाकटी काहीबाही बोलू लागली की काढायची, तसा.

धाकटी एका पायावर थबकली. तिने खाली पाहिलं. गोट्यांच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची दोन अंडी. तोल जाऊ लागला तसा तिने थोरलीचा खांदा धरला आणि पाय अलगद मागे घेतला. परतीच्या वाटेवर, दोर पुन्हा सुरू होईपर्यंत, तिने तो खांदा सोडला नाही.

होडी सुटली तेव्हा रक्षकबाईने धक्क्यावरून हात हलवला. "बोला आता मनसोक्त!"

दोघी समोरासमोरच्या फळ्यांवर बसल्या होत्या. थोरलीने घसा साफ केला.

"हे बघ, पुढच्या महिन्यात..."

"वळ उठलाय," धाकटी म्हणाली.

"अंड्यांवर पाय पडला असता तुझा."

"हात धरता आला असता की. चिमटाच कशाला हवा?" तिने दंड चोळला. "आता लग्नात घालायला लांब बाह्यांचं काहीतरी शिवावं लागणार मला."

थोरलीने पाण्याकडे पाहिलं.

"महिन्याभरात जाईल तो वळ," ती म्हणाली.

"तुझा चिमटा? आठवीतला अजून आहे."

"काहीतरीच. दाखव बघू," म्हणत थोरलीने पिशवीतला चष्मा काढला आणि होडीच्या कडेला धरत ती पलीकडच्या फळीवर, बहिणीशेजारी जाऊन बसली.