चांदोरीचा बुडालेला आत्मा

हिरावाडीतल्या त्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर देवव्रत महाराज डोळे मिटून डोलत होते. समोर माझी बहीण श्यामला हात जोडून उभी होती.

"चांदोरी... गोदेचा पूर... बनाती कोट... ढुंढिराज गायधनी!" महाराज किंचाळले. "माई, तुझ्या सासरचा आत्मा बुडालाय! त्याच्या नाकातोंडात पाणी, म्हणून तुझ्या पोरीच्या तोंडाला फेस! गोळ्या बंद कर. आधी त्याला शांत कर!"

सभागृह शहारलं. घरी श्यामलानं सासूबाईंना विचारलं, तर आजेसासऱ्यांच्या भावाचं नाव खरंच ढुंढिराज! माझ्या भाचीच्या, मृण्मयीच्या, फिटच्या गोळ्या त्याच दिवशी कपाटात गेल्या. मी संतापलो आणि खरं सांगतो, घाबरलोही.

"नाव नोंदवताना काय विचारलं होतं त्यांनी?"

"आडनाव आणि मूळ गाव. एवढंच रे, दादा. मग आठवड्यानं बोलावलं."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. ग्रंथालयांनी जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. शब्द टाकला की बातमी समोर येते. मी 'गायधनी' आणि 'चांदोरी' टाकलं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका साप्ताहिकात ढुंढिराज बुडाल्याची बातमी निघाली, अंगातल्या लोकरी बनाती कोटासकट! महाराजांची दिव्यदृष्टी ती हीच. पण आम्हा इतिहासवाल्यांना पुढचा अंक चाळायची खोड असते. त्यात कोपऱ्यात खुलासा होता: ढुंढिराजपंत सायखेड्याच्या काठाला लागून सुखरूप घरी परतले.

पुढच्या बैठकीत मी श्यामलाला घेऊन गेलो आणि दोन्ही बातम्या मोबाइलवरून मोठ्यानं वाचल्या.

"महाराज, हे तर जिवंत परतले. मग आत्मा कुणाचा?"

"पुढं... पुढं कधीतरी बुडाले असतील!"

हशा पिकला. तरीही पुढची बाई "आमचं गाव येवला, महाराज," म्हणत हात जोडून उठलीच. मला काही हसू आलं नाही.

तेवढ्यात श्यामलाच्या नवऱ्याचा फोन आला. मृण्मयीला जोराची फिट आली होती, जीभ चावली गेली होती, तिला दवाखान्यात नेलं होतं. श्यामला माझ्याकडे वळली.

"दादा, ते बुडालेच नव्हते रे! मी कुणासाठी बंद केल्या गोळ्या?"

मी तिला घेऊन दवाखान्याकडे धावलो. तुम्हाला हात जोडून सांगतो: कुणी तुमच्या पूर्वजाचं नाव सांगितलं तर पाया पडू नका, ते त्याला कुठून कळलं ते विचारा. आणि कुणाच्याही सांगण्यावरून लेकरांची औषधं बंद करू नका.