झरोक्यातली शेजारीण

मित्रांनो, थंडी पडली की ज्याची आठवण होते आणि ऊन तापलं की ज्याचं बटण बंद होतं, असा मी एक गीझर आहे. वयाने जुना, बुडाशी गंजलेला. माझा जन्म इटलीतल्या एका डोंगराळ गावी झाला. कारखान्याच्या खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होतं. मला तपासणाऱ्या कारागिराने पोटावर थाप मारली, तेव्हा वाटलं, आता जन्मभर कुणाच्या तरी गारठल्या हातांना ऊब द्यायची.

नशिबाने मला वाळवंटात आणलं. कतारला फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद मिळालं, त्याच हिवाळ्यात दोह्याच्या अल नस्र भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात मला टांगलं गेलं.

परक्या मुलखाच्या रीती मी झरोक्यातून ऐकून शिकलो. खाली चहाच्या दुकानापुढे गाड्या थांबत. उतरत कुणीच नसे. नुसता हॉर्न वाजवायचा, चहा आपणहून गाडीपाशी यायचा. सुटी शुक्रवारची. पण सगळ्यात न्यारी रीत उन्हाळ्याची. गच्चीवरच्या टाक्या अशा तापत, की निळ्या खुणेच्या नळाला चटके देणारं पाणी येई. जाणती माणसं मग मला बंद करत. एसीच्या गारव्यात माझ्या पोटातलं पाणी निवत जाई, आणि तांबड्या नळाने तेच आंघोळीला घेत. तापवायला जन्मलेला मी उन्हाळाभर रांजण होऊन राही.

भाडेकरू आले, गेले. अकराव्या उन्हाळ्यात नाशिकची सरोज आली. नवरा गिरीश मैदानाच्या बांधकामावर इंजिनिअर, मुलगा अर्णव नऊ वर्षांचा. पहिल्याच सकाळी तिने निळा नळ सोडला.

"आई गं! मेले!"

आमची इमारत आणि पलीकडची इमारत यांच्यात हातभर फट आहे. समोरासमोर दोन न्हाणीघरांचे झरोके. पलीकडून आवाज आला, "अगो, निळा नको सोडू! गीझर बंद कर नि तांबडा सोड!"

"कोण बोलतंय?" सरोज दचकली.

"मी जैतून. रत्नागिरीची. सतरा वर्षं झाली इथे. पहिल्या उन्हाळ्यात मीपण अशीच भाजले होते."

"अहो, आमच्या नाशकात गरम पाण्यासाठी गीझर लावतात."

"इथे सगळं उफराटं, बाय. राहशील तर शिकशील."

सरोज त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

तिचं घर तसं मुकंच होतं. गिरीश पहाटे जाई, रात्री येऊन ताटावर बसे आणि म्हणे, "मैदान वेळेत उभं राहायला हवं, साहेबाचं सारखं यल्ला यल्ला, चला चला चाललंय." अर्णवला तिने मराठीत दहा गोष्टी विचाराव्या, त्याने "आय नो, मम्मा" म्हणून दार लावावं. दिवसभराचं तिचं बोलणं माझ्याखाली साचे. धुणं धुताना ती ओव्या गाई, मनच्याच जुळवलेल्या:

*वाळूच्या गं गावामंदी, उन्हाच्या उलट्या रीती*
*गार नळ पोळे हात, तापल्याशी जडे प्रीती*

"गळा गोड आहे गो तुझा," पलीकडून जैतूनबाई म्हणत, "पण तुझ्यापायी माझा भात करपला!"

एकदा सरोजने फोन नंबर मागितला. "भिंतीशी भिंत, फोन कशाला? हाक मार," जैतूनबाई म्हणाल्या.

वर्ष होत आलं, तरी दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. पलीकडचं दार मागच्या रस्त्यावर. सरोजला वाटे, त्या वडील, त्यांनी आधी बोलवावं. एके दिवशी जैतूनबाईच म्हणाल्या, "बोलावलं असतं गो, पण आमच्याकडचा चहा तू घेशील का नाय, म्हणून जीभ अडते."

"असं काय बोलता ताई? मी जेवूनच जाईन."

"मग ये शुक्रवारी."

"येतेच."

त्या शुक्रवारी गिरीशला तीन आठवड्यांनी सुटी मिळाली. पुढच्या शुक्रवारी अर्णवला ताप. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर पर्ल बेटावर फिरायला जायचं होतं. "पुढच्या वेळी नक्की, जैतूनताई." "इन्शाल्ला," पलीकडून येई, आणि दर वेळी तो शब्द थोडा खाली बसे.

मग विश्वचषक तोंडावर आला. पाहुण्यांना भाड्याने द्यायला म्हणून पलीकडच्या मालकाने इमारत रिकामी करायला सांगितली.

"महिनाअखेरीला जायचं," जैतूनबाई म्हणाल्या. "कुठे, ते आमचे धनी शोधतायत."

"या शुक्रवारी काही झालं तरी येते. सांजोऱ्या घेऊन."

गुरुवारी सांजोऱ्यांचा वास माझ्यापर्यंत आला. शुक्रवारी न्हाऊन सरोजने हाक दिली, "जैतूनताई, निघाले हं!" तिने पुन्हा हाक दिली. पलीकडून छिन्नी-हातोड्याचा आवाज आला, आणि कुणी पुरुष म्हणाला, "यह बेसिन भी निकालो."

सरोज डबा घेऊन धावली. दार उघडंच राहिलं.

बऱ्याच वेळाने झरोक्यातून तिचा आवाज ऐकू आला, पण पलीकडच्या बाजूने.

"मॅडम, यहाँ कोई नहीं है. महीना पूरा होने से पहले, कल ही सब खाली करवा दिया."

"कहाँ गए?"

"मालूम नहीं."

"दो मिनट अंदर आऊँ?"

हातोडा थांबला. जिथून रोज जैतूनबाई बोलत, तिथून सरोज हळूच म्हणाली, "जैतूनताई, मी आले हो."

ऐकायला अलीकडे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मित्रांनो, मला पाणी देता येतं, ओ देता येत नाही.

आता आमच्या इमारतीचीही डागडुजी निघाली आहे, मला लवकरच उतरवतील. माझं वय झालं, त्याचं दुःख नाही. तुम्हाला एवढंच विनवतो: परमुलखात भिंतीपलीकडून कुणी आपल्या बोलीत हाक मारली, तर शुक्रवारची वाट पाहू नका. आधी कुणी बोलवायचं, याचा हिशेब नको. पायात चपला सरकवा आणि जिना उतरा.