दुभाजकावरचा सार्थक

"पोराचं नाव झाडाला देऊ नका, ताई. झाड उन्हात उभं राहील अन् घोर तुमच्या जिवाला लागंल." गंगापूर रोडच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मालनबाईंनी असं बजावलं होतं. शुभांगीने हसून मेथीची जुडी पिशवीत टाकली. बी.एस्सी. झालेली बाई असलं काही मनावर घेते होय?

पालिकेची योजना तशी छानच होती. वॉर्डातला धूर कमी व्हावा म्हणून घंटागाड्या विजेवर आणल्या, रस्त्यावरचे दिवे बदलले. तरी जो धूर उरेल तो झाडांनी गिळावा, म्हणून दर नव्या बाळामागे एक रोप. रोपाला बाळाच्या नावाची पाटी, आणि पाणी घालायचं आईबापांनी. तर एक सार्थक घरात पाळण्यात आणि दुसरा, कंबरेएवढा कडुलिंब, रस्त्याच्या दुभाजकावर.

ऊन तापायला लागलं आणि शुभांगीला दोन लेकरं झाली. घरातला शिंकला की ती झाड बघून यायची, झाडाचं पान पिवळं पडलं की घरातल्याचा ताप बघायची. हा खुळेपणा आहे हे तिला कळत होतं, पण थर्मामीटर काही हातातून सुटत नव्हता. रोज स्कूटरवर पाण्याचा कॅन जायचा. नवरा ललित म्हणाला, वॉर्डाचा धूर राहिला बाजूला, ते बिचारं तुझ्या स्कूटरचाच गिळून अर्धमेलं होईल. बोलणं झोंबलं, पण खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती बाबागाडी घेऊन चालत निघाली. वर एक सार्थक, खालच्या जाळीत दुसऱ्याचं पाणी.

मे महिन्यात वणीला माहेरी भावाचं लग्न निघालं. पाण्याचं ललितला दहादा बजावून ती बाळाला घेऊन गेली. रोज फोनवर चौकशी. ललित सांगायचा, मस्त आहे, अंगाने भरलाय.

परतताना तिने रिक्षा आधी दुभाजकापाशी थांबवली. सार्थक खरंच भरला होता. हिरवागार, तुकतुकीत, पाटीही जागच्या जागी. शुभांगीने एक पान हातात घेतलं. कडुलिंबाच्या पानाला करवतीसारखे दाते असतात. हे पान रुंद, गुळगुळीत.

घरात शिरल्यावर तिने बॅगही खाली ठेवली नाही.

"ललित, आपला मुलगा करंज कधी झाला?"

ललितचा चहा कपातच राहिला. मग सगळं बाहेर आलं. पाणी घालायचं तो विसरला होता, कडुलिंबाने मान टाकली होती आणि तिला सांगायची छाती होईना. म्हणून नर्सरीतून रोप आणून, पाटी त्याला बांधून तो मोकळा झाला होता.

"मला वाटलं, हिरवं दिसलं म्हणजे झालं."

शुभांगीने झटकन कडेवरच्या सार्थकचं कपाळ चाचपलं. गार होतं. तो तिच्या मंगळसूत्राचे मणी चघळण्यात दंग. कडुलिंब जाऊन आठवडा होत आला होता आणि या बाळाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला आधी रडू आलं, मग हसू, मग दोन्ही एकदम.

मालनबाईंना कळलं तेव्हा त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "दत्तक आलंय ना, मग आता पोटचंच समजा."

झालं, घोर पुन्हा लागला. त्यात भावाच्या लग्नाचा गोंधळ घालायचा राहिलाय, म्हणून ती परत वणीला निघालीये, आणि ललितवर तिचा काडीचा विश्वास नाही. तेव्हा तिचं तुमच्याकडेच मागणं आहे. गंगापूर रोडने जाणार असाल, तर मालनबाईंच्या भाजीसमोर जरा थांबा. पाळण्यातला तिच्याबरोबर आहे, त्याची काळजी नको. दुभाजकावरच्या सार्थकला तेवढं बघून या, बाटलीतलं उरलेलं पाणी घाला. आणि पान रुंदच आहे ना, हेही बघा.