आवाज न करता कसं पडायचं

"बाई, तुम्हाला स्वतःला येतं का हो वृश्चिकासन?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मैत्रिणींचा, चष्मिषचा आणि गोगलगायीचा, होता, मी फक्त तोंड पुरवलं. व्यायामाच्या हॉलबाहेर बूट काढताना आमची पैज लागली होती. योगाच्या नव्या बाई आल्यापासून त्यांनी एकही आसन स्वतः करून दाखवलं नव्हतं. हात मागे बांधून रांगांमधून फिरायचं आणि सांगत राहायचं: टाच दाब, मांडी आवळ, मान मोकळी सोड. चष्मिष म्हणाली, "नुसत्या उंटावरून शेळ्या हाकतायत. विचार ना त्यांना! तू काय, आता घाबरतेस होय कुणाला?"

आणि खरंच, मी आता कुणालाच घाबरत नव्हते. गेल्या वर्षी मी वर्गात असून नसल्यासारखी होते. हजेरीला "हजर" म्हटलं की पुढच्या बाकावरच्या मुली वळून बघायच्या, ही कोण नवीन! मग एका मोकळ्या तासाला मी हॉलमध्ये कोपरांवर उलटी उभी राहिले, पाय मागून वाकवले आणि तळपाय स्वतःच्याच डोक्यावर टेकवले. कुणीतरी व्हिडिओ काढला. शाळा सुटायच्या आत तो सगळीकडे फिरला आणि माझं नाव पडलं रबर. जिन्यात लहान मुली थांबून बघायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते जाम आवडायचं.

बाई चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत.

"यायचं," त्या म्हणाल्या. "आता नाही येत. आता बूट घालायचा म्हटला तरी आधी कमरेची परवानगी काढावी लागते." मागच्या रांगेत खसखस पिकली. "तुला येतं ना? दाखव."

हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी चटईवर कोपरं टेकली, पाय उडवले आणि पाठीमागून सोडून दिले. पावलं डोक्यावर. टाळ्या. उलट्या जगात मला बाईंचे करडे मोजे जवळ येताना दिसले. मग कमरेवर, पाठीच्या अगदी खालच्या भागात, दोन बोटं टेकली.

"इथे कोण काम करतंय?"

मी शोधलं. "कोणी नाही."

"पोटात?"

"तिथेही कोणी नाही."

"खांदे?"

"ते… आहेत, पण बसलेत."

"ये खाली."

मी खाली आले, अजून हसतच. बाईंनी सगळ्यांकडे वळून सांगितलं, "ही उभी नव्हती. ही लटकली होती. दोरीवर टॉवेल वाळत घालतो ना, तशी. टॉवेलसुद्धा काय सुरेख वाकतो! पण त्यात टॉवेलचं कर्तृत्व शून्य."

वर्ग फुटलाच. चष्मिष तर हसता हसता गोगलगायीच्या अंगावर पडली. मीही हसले, पण माझे कान गरम झाले होते.

मग त्यांनी मला जवळ घेऊन समजावलं. वरची पाठ माझी फळीसारखी सपाट राहते आणि सगळा वाक एकाच ठिकाणी, कमरेत, पडतो. छातीकडून वाकायचं, तर आधी हातांनी जमीन ढकलावी लागते, खांदे कानांपासून लांब उचलावे लागतात, पुढच्या फासळ्या आत घ्याव्या लागतात, पोट जागं ठेवावं लागतं. यातलं मी काहीच करत नव्हते. स्नायू झोपलेले आणि सगळा भार सांध्यांवर.

"लवचीक मुलींनाच ही चूक जमते," बाई म्हणाल्या. "ताठ माणसाला करायची म्हटली तरी जमणार नाही, त्याचं अंग आधीच ओरडतं. तुझं ओरडत नाही, म्हणून तुला वाटतं सगळं ठीक चाललंय. माझंही ओरडायचं नाही. लोक टाळ्या वाजवायचे."

शाळाशाळांमधल्या योगाच्या स्पर्धेला आमच्या शाळेकडून एकटीच मुलगी जाते. ती मी, हे मी धरून चालले होते. आईने तर आत्याला कळवूनही टाकलं होतं. बाई म्हणाल्या, "आधी मला सरळ उभी राहून दाखव. कोपरांवर, पाय थेट छताकडे. भिंत नाही, वाकायचं नाही. मग स्पर्धेचं बोलू."

सरळ? मला वाटलं, एवढंच! घोड्यावर बसणारीला गाढवावर बस म्हणतायत.

पण त्या गाढवाने मला रोज पाडलं. म्हणजे, पाडलं असतं. बाई दंडांना पट्टा बांधायच्या, कोपरं बाहेर पळू नयेत म्हणून. तळव्यांच्या मध्ये लाकडी ठोकळा. मांड्यांमध्ये घडी केलेलं कापड, "हे पडलं तर तूच पडलीस म्हणून समज." मी पाय वर न्यायचे आणि ते वर थांबायलाच तयार नसायचे. जरा डुगडुगले की अंग आपोआप मागे वाकायचं, पाय डोक्यावर येऊन बसायचे, आणि मी पुन्हा टॉवेल. बाई म्हणायच्या, "फासळ्या!" मी फासळ्या आत घ्यायचे. "पोट!" मी पोट आवळायचे, तोवर फासळ्या सुटलेल्या. एका घरात दोन भावंडं असावीत आणि एकाला हाक मारली की दुसरं पळून जावं, तसं चाललं होतं.

मैत्रिणी आधी गंमत बघायला थांबायच्या. "रबर, वॉरंटी संपली का गं?" "नाचता येईना, बाईच वाकड्या!" मग त्या कंटाळल्या. कंटाळणारच, तेच तेच बघायला कुणाला आवडतं? चिमणी म्हणून एक बारकी मुलगी आहे, ती एका पायावर उभी राहून दुसरा पाय कानाला लावते. सगळे मोबाइल तिकडे वळले. मी हॉलच्या कोपऱ्यात पट्टा बांधून, ठोकळा धरून, उलटी. त्या बाजूने बघितलं तर हॉल फार मोठा दिसतो, आणि सगळ्यांच्या फक्त पाठमोऱ्या टाचा.

घरी तर विचारूच नका. बाबा बेकरीत भट्टीवर असतो. पहाटे उजाडायच्या कितीतरी आधी त्याला पाव लावायचा असतो, त्यामुळे मी शाळेतून येते तेव्हा तो झोपायला जातो. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर, ती दुकान बंद झाल्यावरच येते. मधली अख्खी संध्याकाळ घरात आम्ही दोघं असतो, मी आणि बाबाची झोप. दोन खोल्या आणि मध्ये एक बोळ, त्यामुळे झोपेला टेकूनच बसावं लागतं. मला आवाज न करता सगळं येतं. नळ बारीक सोडून भांड्याच्या कडेवरून पाणी घ्यायचं. ताट खाली फडकं घालून ठेवायचं. हसू आलं तर उशीत. शिंक आली तर बाथरूमपर्यंत धावायचं. लहानपणी आई सांगायची, "बाबाची झोप मोडली तर त्याचा हात भट्टीत भाजेल." एवढं सांगितल्यावर कोण आवाज करेल?

एके दिवशी तास संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. पट्टा गुंडाळत म्हणाल्या, "शेवटची कधी पडलीस?"

"मी पडतच नाही, बाई." मला वाटलं, आता तरी शाबासकी.

"कधीच नाही? शिकतानासुद्धा?"

"नाही."

त्या पट्टा गुंडाळायच्या थांबल्या. "कोपरांवर उभं राहायला शिकताना माणूस पडतोच. तोल गेला की अंग वळवून एका बाजूला पाय टाकायचे, धप्पकन. बरोब्बर तसंच उतरायचं असतं. तू कुठे शिकलीस हे?"

"घरी. बोळात."

"आणि तोल गेला की काय करायचीस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला माझा बोळ दिसला. भिंतीपलीकडे बाबाचा पलंग. धप्प झालं तर बाबा उठेल. म्हणून तोल गेला की मी काय करायचे? पाय मागे सोडून द्यायचे, हळूहळू, कमरेतून, पावलं डोक्यावर टेकेपर्यंत. मग तिथून अलगद एकेक पाऊल जमिनीवर. टाचणी पडल्याचाही आवाज नाही. ज्याला अख्खी शाळा वृश्चिकासन म्हणत होती, ते माझं गुपचूप पडणं होतं.

"मी पाय… ठेवून द्यायचे," मी म्हणाले. "बाबा झोपलेला असतो."

बाईंनी पट्टा खाली ठेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा वेळाने काढला.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, आज सरळच. बोळात चटई टाकली. ठोकळ्याऐवजी दोन जाड पुस्तकं, दंडांना शाळेच्या गणवेशाचा पट्टा. हातांनी जमीन ढकलली, खांदे उचलले, फासळ्या आत, माकडहाड टाचांकडे, मांड्या एकमेकींना चिकटवल्या. पाय वर गेले आणि थांबले! खरंच थांबले. पोटात एक तार ताणल्यासारखं वाटलं. हे काहीतरी वेगळंच होतं, आपण आत सगळीकडे हजर असल्यासारखं. मला ओरडावंसं वाटलं, "बघा!" कुणाला सांगणार?

तेवढ्यात तोल गेला.

मला माहीत होतं काय करायचं. अंग वळवायचं, पाय बाजूला. पण भिंतीपलीकडे बाबा कूस बदलत होता, पलंग करकरला, आणि माझ्या अंगाने मला विचारलंसुद्धा नाही. पाय मागे गेले. या वेळी पोट जागं होतं आणि पाय जोरात, त्यामुळे दोघांची कमरेत गाठ पडली. कळ अशी आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तरी मी आवाज केला नाही. पावलं अलगद उतरली. मी कुशीवर झाले आणि चटईवर गाल टेकून पडून राहिले. उठता येत नव्हतं. भिंतीपलीकडे, हाताच्या अंतरावर, बाबा घोरत होता. "बाबा" एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी ती तोंडात आणली आणि गिळली. मला रडू आलं, तेही येतं मला आवाज न करता. किती वेळ गेला कोण जाणे. बोळातला उजेड भिंतीवरून सरकत संपला. मग मी हातांवर जोर देऊन हळूहळू बसले, पुस्तकं जागेवर ठेवली, चटई गुंडाळली. आई आली तेव्हा म्हणाली, "काय गं, आज अभ्यास लवकर झाला?"

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंना माझ्या चालण्यावरूनच कळलं. सगळं विचारून घेतलं: पायात मुंग्या येतात का, शिंकताना दुखतं का. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखव. घरी तू सांग. पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीपर्यंत नाही सांगितलंस तर मी फोन करीन."

"आणि स्पर्धा?"

"मी इथे रोज तुला पडायला शिकवीन," त्या म्हणाल्या, "आणि तू रोज घरी जाऊन ते पुसून टाकशील. अशाने कसं व्हायचं? तूच सांग."

मी बूट घालायला वाकले, पण कमरेने परवानगी दिली नाही.

रविवारी बेकरी बंद असते आणि आईचं दुकान दुपारनंतर. जेवायला आम्ही तिघं एकत्र असतो, आणि अवघडल्यासारखे असतो, पाहुणे पाहुण्यांकडे आल्यासारखे. आई आत्याशी फोनवर बोलत होती. "अगं पाहिलास ना व्हिडिओ? हाडंच नाहीत पोरीला!" बाबा माझ्या ताटात वाढत म्हणाला, "आपली पोर म्हणजे मळलेली कणीक आहे. पाहिजे तशी वळवा. कुणावर गेलीय?"

"तुझ्यावर नक्कीच नाही," आई फोन ठेवत म्हणाली. "तुला मोजे घालताना धाप लागते."

दोघं हसले. मला ते इतकं गोड वाटलं की क्षणभर वाटलं, जाऊ दे. पुढच्या रविवारी सांगू. पण कमरेत पुन्हा एक बारीक कळ सरकली.

मी खुर्ची मागे ढकलली. ती फरशीवर कर्रर्र वाजली आणि आईने सवयीने ओठांवर बोट ठेवलं, बाबा समोर जागा बसलेला असताना!

"ऐका," मी म्हणाले. "मला मध्ये थांबवू नका, नाहीतर मी परत सुरू करणार नाही. माझी कंबर दुखतेय. बोळात लागलं, या आठवड्यात. बाबा, तू पलीकडेच होतास."

बाबाचा घास हातातच राहिला. "मग हाक नाही मारायची?"

"नाही मारली. तू झोपला होतास." मी आवाज मुद्दाम मोठा केला. या घरात मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "उद्या मला डॉक्टरकडे कुणीतरी घेऊन जा. या वर्षी मी स्पर्धेला जात नाहीये, बाईंना मीच सांगणार आहे, आत्याला तू सांग, आई. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की मी सगळं पहिल्यापासून शिकणार आहे, इथेच, बोळात, रोज संध्याकाळी. त्यात मी पडणार आहे. पुष्कळदा पडणार आहे. आणि पडले की आवाज होईल, बाबा, तू उठशील. तरीही मी पडणार आहे."