उसाच्या कडेनं जाताना

आमच्या घरात बंदूक आली ती मेंढरांमुळे. माळावर लांडग्यांनी जीव नकोसा केला, तेव्हा वडिलांनी कचेरीत खेटे घालून एकनळीचा परवाना मिळवला. पुढे मेंढरं गेली, आम्ही ऊस लावला, लांडग्याच्या जागी बिबट्या आला. बंदूक मात्र तीच. वडिलांच्या माघारी परवाना माझ्या नावावर झाला आणि मी गावात 'बंदूकवाले तात्याबा' झालो. बिबट्यावर गोळी झाडता येत नाही, कायदा आहे. फार तर हवेत बार काढायचा, आणि तोही मी सहा वर्षांत काढला नव्हता. पण खांद्याला बंदूक असली की माणसं जरा वाकून रामराम घालतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

बिबट्यावरचं खरं औषध वेगळंच आहे. उसाच्या कडेनं जाताना बोलत राहायचं. माणसाचा आवाज आला की तो सहसा आडवा येत नाही. माझी अंकिता शाळेत जायला लागली तेव्हा मीच तिला शिकवलं, "मोठ्यानं बोल, कायबी बोल, पर गप ऱ्हायाचं न्हाई." पोरगी पाढे म्हणत, मास्तरांच्या नकला करत जायची. तिची आई अनसाबाई म्हणायची, हिचं तोंड मातीचं असतं तर कवाच फुटलं असतं.

तीच अंकिता आता तेवीस वर्षांची. आमच्या ओढ्यात कंपनीचं घाण पाणी ओतणारा टँकर तिनं मोबाईलवर टिपला, गावाच्या ग्रुपवर टाकला आणि ग्रामसभेत उभं राहून टँकर गावातल्या कुणाचा तेही सांगितलं. टँकरवाल्यानं बदनामीची तक्रार दिली. नेमकं त्याच महिन्यात माझ्या परवान्याचं नूतनीकरण होतं.

पोलीस पाटील हनुमंत माझ्या बरोबरीचा, आणि नूतनीकरणाला त्याचाच दाखला लागायचा. ओट्यावर चहा पिता पिता म्हणाला, "तात्याबा, घरातल्या माणसावर तक्रार हाय म्हणल्यावर मी तुझं चांगलं कसं लिहून देऊ? पोरीचा माफीनामा घे. तक्रारबी मिटंल आन् तुझा कागदबी पुढं सरकंल."

मी अंकिताला समोर बसवलं आणि हे सांगितलं.

"परवाना बंदुकीला लागतो, आबा," ती म्हणाली. "बोलायला कुणाचा घ्यायचा?"

"बंदूक हाय म्हणून घर राखलं जातंय."

"ती सरकारनं दिलीया, सरकार काढूनबी घील. बोलणं मला कुणी दिल्यालं न्हाई."

मी ओरडलो, "तुझ्या बोलण्यानं बिबट्या पळणार हाय का?"

तिनं वहीचं पान फाडलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. मी खोटे बोलले, यापुढे असे बोलणार नाही. ती खोटं बोलली नव्हती हे मला पुरतं ठाऊक होतं. त्या ओढ्याच्या पाण्याला आमच्या शेळ्यासुद्धा तोंड लावत नव्हत्या.

परवाना झाला. तळेगावच्या बाजारातून मी पेढे आणले. अंकितानं एक घेतला आणि देवापुढे ठेवला. त्या दिवसापासून घरात तिचे दोनच शब्द उरले, व्हय आणि न्हाई. अनसाबाई चुलीपाशी बसून डोळे पुसायची. मला वाटलं, होईल आठ दिवसांत ठीक. चार महिने झाले.

परवा दिवस मावळताना आम्ही दोघं विहिरीवरून परतत होतो. मी पुढे, खांद्याला बंदूक. ती मागे, डोक्यावर घासाचा भारा. उसाच्या कडेला आमच्याबरोबरचं कुत्रं अचानक शेपूट घालून माझ्या पायात शिरलं. चिखलात ठसा होता, ताजा.

"अंकिता, बोलत ऱ्हा," मी म्हणालो.

मागून काही आलं नाही.

"अगं बोल कायतरी, मोठ्यानं."

"काय बोलू, आबा?" तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवलं नाही. "काय बोलल्यालं चालंल ते सांगा. तेवढं बोलते."

बंदुकीचा पट्टा खांद्यात रुतत होता. मला रडू येत होतं आणि गप्प राहूनही चालणार नव्हतं. मग मीच मोठ्यानं पाढे म्हणायला लागलो. शाळेत मी कधी गेलो नाही, पाढे सगळे तिच्याच तोंडून ऐकलेले. बेचा म्हटला, तीनचा म्हटला. सातच्या पाढ्यात सात सक्काला अडलो. ती मागून सांगेल म्हणून जरा थांबलो.

मागून फक्त तिच्या चपलांचा आवाज येत होता.