एका दमात

मयुराने नवा फोन बाबांच्या चहाच्या कपाशेजारी उभा करून ठेवला.

“हं, बोला आता. काहीही बोला.”

विलासरावांनी आधी शर्टाची कॉलर नीट केली. फोनसमोर कॉलर कशाला? पण माणूस सरकारी नोकरीत मुरलेला.

“सकाळी गच्चीवर एक बंदर आलं होतं,” ते म्हणाले. “चांगलं थोराड होतं. म्हणजे...”

ते थांबले. काही आठवायचं असलं की ते असेच थांबतात, हनुवटी खाजवतात, खिडकीबाहेर बघतात.

“माकडांविषयी माहिती हवी आहे का?” फोनमधल्या बाईने विचारलं.

“नको गं बाई. ऐकून तर घे. आमची प्रभा असताना ना...”

“तुमचं बोलणं पूर्ण झालं. धन्यवाद!” बाई म्हणाली आणि गप्प झाली.

मयुराचा चेहराच पडला.

नोएडाच्या ऑफिसात तिचं काम हेच, मोठं एआय मॉडेल लहान करायचं. माणसाचं बोलणं समजणारं मॉडेल अवाढव्य असतं, स्वस्तातल्या फोनमध्ये ते मावत नाही आणि पाठवायचं म्हटलं तर जातही नाही. म्हणून माणसांच्या बोलण्याचे नमुने त्याला ऐकवायचे, आतला कुठला भाग कामाला येतो ते बघायचं आणि जो नुसता बसून राहतो तो छाटून टाकायचा. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना इंटरनेटशिवाय गप्पा मारता येतील, असा हा फोन होता. त्यात मराठी हवीच, म्हणून मयुरा सगळ्यांशी भांडली होती. कुणासाठी, ते तिने ऑफिसात सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून दिल्लीतल्या हिंदूरावच्या या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे बत्रा काय, भाजीवाला काय, सगळ्यांशी हिंदीच. ती स्वतः यायची, पण कधी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सोमवारी हे मॉडेल सगळ्या फोनांवर जायचं होतं.

चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं. कळलं तसा स्वतःचाच भयंकर राग आला. नमुन्यांची रेकॉर्डिंग साठवताना तिने आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या अंकुरने बोलण्यामधल्या शांत जागा काढून टाकल्या होत्या. उगाच जागा खातात, आणि त्यात ऐकण्यासारखं असतं तरी काय? मग मॉडेलमधला, समोरचा थांबला की वाट बघणारा जो भाग होता, त्याला कधी कामच पडलं नाही. बिनकामाचा म्हणून तो छाटला गेला. मॉडेल इतकं लहान झालं म्हणून ऑफिसात टाळ्या वाजल्या होत्या, केकही कापला होता.

तिने तिथूनच अंकुरला फोन लावला.

“हे सोमवारी नाही जाणार,” ती म्हणाली. “समोरचा जरा थांबला की हे त्याला मधेच तोडतं. परत करावं लागेल सगळं.”

“यार मयुरा, आता? लोक घेतील ना सांभाळून.”

“माझ्या बाबांना नाही जमत.”

“एका माणसासाठी थांबायचं?”

“त्या फोनसमोर एकेक माणूसच बसणार आहे, अंकुर,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

विलासराव ऐकतच होते.

“अगं, माझ्यापायी कशाला भांडतेस लोकांशी? मला जमतं की.”

“काय जमतं? दोनदा तोडलं त्याने तुम्हाला.”

“ते मी जरा रमलो म्हणून. थांब, दाखवतो तुला.”

ते खुर्चीत पुढे सरकले. छाती भरून श्वास घेतला आणि सुरू झाले, “सकाळी बंदर आलं टॉवेल घेऊन गेलं मी ठीक आहे गोळी घेतली जेवण झालं थंडी आहे पण स्वेटर घातलाय काळजी करू नको.”

“अरे बापरे! टॉवेल परत मिळाला का?” फोनमधल्या बाईने विचारलं. “आणि स्वेटर घातलात ते छान केलंत.”

“बघ!” विलासरावांनी टेबलावर थाप मारली. “बिल्कुल बरोबर. एक अक्षर सुटलं नाही. मॉडेल चांगलं आहे गं तुझं, उगाच नावं ठेवतेस.”

मयुरालाही हसू आलं. “हे कुठे शिकलात तुम्ही?”

“शिकायचंय काय त्यात? तुझ्याशी फोनवर बोलतो ना, तसंच बोलायचं. तू कधी मीटिंगमध्ये असतेस, कधी कॅबमध्ये. मधे थांबलो की तू म्हणतेस, चला बाबा, ठेवते. म्हणून मग मी आधी मनात सगळं जुळवून घेतो आणि एका दमात सांगून टाकतो. आता सवयच झालीय.”

त्यात तक्रार नव्हती. गॅसचं बटण कसं दाबून फिरवायचं, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मयुराला रडू फुटत होतं. पण रडली असती तर बाबांनाच तिची समजूत काढावी लागली असती, म्हणून तिने ते गिळलं. फोन बंद करून तिने पर्समध्ये टाकला.

“आता मला सांगा,” ती म्हणाली. “त्याला नको.”

“काय सांगू?”

“काहीही. काय चाललंय?”

“काही नाही, दूधवाला बदलला, गुडघा बरा आहे, बत्रांकडे लग्न झालं, पेढे आले होते, तुझ्यासाठी ठेवलेत, जाताना ने.” ते उठायला लागले. “चलो, निघ तू. उशीर झाला की मेट्रोत बसायला मिळत नाही.”

“मला घाई नाहीये, बाबा.”

“अच्छा,” ते म्हणाले आणि परत बसले.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. जुळवून ठेवलेलं सगळं सांगून झालं होतं. पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचेना.

मयुरा त्यांची वाट बघत तशीच बसून राहिली.